वेळ तुम्हाला लागेलच

आईबाबांनो, लेकरानं काल रात्री जे सांगितलं ते ऐकून तुम्हाला झोप लागली नसणार. वीस-बावीस वर्षं ज्याला मुलगा म्हणून वाढवलं, ते म्हणतं, मी मुलगी आहे. किंवा याच्या उलट. पहिला विचार कसला आला, ते कबूल करायला लाजू नका. भोपाळात आपण मराठी माणसं मोजकीच. अरेरा कॉलनीतली गोष्ट संध्याकाळच्या आरतीपर्यंत कोलार रोडला पोचलेली असते. तेव्हा लोकांचा विचार मनात येणं साहजिकच आहे.

दुसरं जे डोळ्यांपुढे आलं असेल, तेही मी सांगू शकते. राखीनंतर मंगळवारा-बुधवाऱ्याच्या किन्नरांची भुजरियांची मिरवणूक निघते, तीच ना? डोक्यावर गव्हाच्या हिरव्या कोंबांच्या टोपल्या, अंगावर ठेवणीतले दागिने, आणि दुतर्फा अख्खं शहर. आपणही तिथं उभे राहिलो आहोत. आशीर्वादासाठी तान्हं बाळ त्यांच्या हातात देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आशीर्वाद चालतो, पण आपल्या घरातलं कोणी तसं निघालं तर मात्र आभाळ कोसळतं. त्या मिरवणुकीतल्या प्रत्येकीचं कुठेतरी एक घर होतं, हे कडेला उभं राहून आपल्या मनातही येत नाही.

किन्नर समाजातल्या शबनम मौसी आठवतात? शहडोलकडच्या सोहागपूरमधून निवडून आल्या आणि अरेरा टेकडीवरच्या आपल्या विधानसभेत आमदार म्हणून बसल्या. वडील पोलीस अधिकारी होते आणि समाजात मान खाली जाईल या भीतीनं त्यांनी मूल देऊन टाकलं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. हजारो अनोळखी माणसांनी ज्या व्यक्तीला मत दिलं, तिला जन्मदात्यांच्या घरात जागा नव्हती.

असा प्रवास केलेल्या माणसांची आत्मकथनं आता बरीच आहेत. तुम्ही ती जरूर वाचा, पण थोडी वेगळ्या नजरेनं. वाचणारे बहुतेक शस्त्रक्रियेचं प्रकरण शोधतात. मला विचाराल तर ते पुढच्यासाठी ठेवा, आधी आईवडिलांची पानं वाचा.

लिव्हिंग स्माइल विद्या यांचं 'आय ॲम विद्या' घ्या. तमिळनाडूतलं साधं घर. मुलगा खूप शिकेल, कलेक्टर होईल, हे वडिलांचं स्वप्न. पहिला नंबर हुकला की मार. मूल खरंच शिकलं, भाषाशास्त्रात एम.ए. झालं. पण मी मुलगी आहे, हे ऐकून घेणारं घरात कोणी नव्हतं. पुढे ही एम.ए. झालेली मुलगी पुण्यात राहून रेल्वेच्या डब्यांत टाळ्या वाजवत पैसे मागत होती. शस्त्रक्रियेसाठी ती पुण्याहून आंध्रातल्या कडप्प्याला गेली. तिथं धड सोयी नव्हत्या, आणि जखम ओली असतानाच परतीचा रेल्वेप्रवास. सोबत तिच्यासारखीच एक मैत्रीण. ते वर्णन वाचताना अंगावर काटा येतो, पण मला त्याहून जास्त बोचलं ते हे की, दवाखान्याबाहेर बाकड्यावर बसायला घरचं कोणी नव्हतं. साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आपल्याकडे निम्मं खानदान जमतं.

त्याशेजारी 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' ठेवा. 2012 साली आलेलं, वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं पुस्तक. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्यातल्या उत्तर प्रदेशी ब्राह्मण घरात वाढल्या. त्यांनी हिजडा समाजाची दीक्षा घेतल्याचं कळलं तेव्हा त्या घरालाही मोठा धक्का बसला. पण दार बंद झालं नाही. दीक्षेनंतरही आईवडिलांचं घर त्यांचंच राहिलं, आणि वडील बाहेरच्यांसमोर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे 2016 च्या सिंहस्थात, इथून चार तासांवरच्या उज्जैनमध्ये, किन्नर आखाड्याच्या प्रमुख म्हणून त्या मोठ्या थाटात वावरल्या, ते आपण टीव्हीवर पाहिलं. तो थाट सोडा हो. मला त्या वडिलांचं कौतुक जास्त. त्यांना सगळं समजलं होतं म्हणून ते उभे राहिले, असं मला वाटत नाही. समजण्याआधीच ते उभे राहिले.

तुमच्याशी मला बोलायचं आहे ते एवढंच. लेकरू ही गोष्ट दहा-बारा वर्षं एकट्यानं वागवतं आहे. आरशासमोर, शाळेच्या स्वच्छतागृहाबाहेर, मुंजीत, राखीच्या दिवशी. तुम्हाला कळून जेमतेम एक दिवस झालाय. तुम्हाला वेळ लागेल, तो तुमचा हक्कच आहे. रडा, चिडा, एकमेकांशी भांडा. पण तुम्हाला लागणाऱ्या वेळेची किंमत लेकरानं भरायची नाही. तुमचं मन तयार होईपर्यंत त्याचं जेवणाचं ताट, फी, मोबाइल, घराची किल्ली, सगळं जसंच्या तसं चालू राहिलं पाहिजे.

आणि कोणाकडे न्यायचं, हेही ऐका. बाबा-बुवा नकोत, आणि 'महिनाभरात सरळ करून देतो' म्हणणारा डॉक्टर तर मुळीच नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांच्या यादीतून काढलं. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे 'सरळ करण्याचे' उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. चांगला मानसोपचारतज्ज्ञ लेकराशी एकट्यानं बोलेल, मग तुमच्याशी, आणि घाई करणार नाही. संप्रेरकं सुरू करायची झाली तर ती त्यातल्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रक्ताच्या तपासण्या करून. शस्त्रक्रिया हा सज्ञान झाल्यावरचा निर्णय. काही जण ती करतात, काही कधीच करत नाहीत. घरात बोलायची सोय नसली की मुलं मित्रांना विचारून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून खातात. त्यानं रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो. ही भीती मात्र खरी आहे, ती बाळगा.

नोकरीचं काय, असं बाबा विचारतीलच. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांचं प्रकरण आठवा. ललिता म्हणून भरती झाले. 2017 मध्ये लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तर खात्यानं नाही म्हटलं, उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, नोकरी टिकली, पुढे लग्न झालं. आणि आपल्या इथंच, डिसेंबर 2021 मध्ये, मध्य प्रदेशच्या गृह विभागानं एका महिला शिपायाला लिंगबदलाची रीतसर परवानगी दिली. राज्यातली ती पहिलीच होती. पोलिसांच्या वर्दीत जे जमलं, ते बँकेत किंवा भेलमध्ये जमणार नाही असं कसं म्हणायचं? सोपं आहे असं मी म्हणत नाही. साळवेंनाही सोपं गेलं नाहीच.

घरात रोज अडेल ते वेगळंच. आपल्या बोलीत 'आलो' की 'आले', इथंच दर वाक्याला ठेच. हिंदीतही सुटका नाही. आई पन्नास वेळा चुकेल, लेकरू चिडेल, कधी दोघंही हसतील. आजीला मात्र कमी लेखू नका. 'बरं, मग आता हाक काय मारू?' असं विचारून मोकळ्या होणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत. नातेवाइकांना एकदम सगळ्यांना सांगायची गरज नाही. कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे लेकराला विचारून ठरवा. ती बातमी त्याची आहे. नागपूरच्या मावशीला आधी सांगाल तर सगळ्यांना सांगितल्यासारखंच, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आणि डिसेंबरात घरात लग्न आहे ना? पत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' याखाली लेकराचं नाव कोणतं छापायचं, हा प्रश्न छापखान्यात जायच्या आधी त्यालाच विचारा. जुनंच राहू दे म्हणालं तर जुनं छापा. नवं सांगितलं तर प्रूफ स्वतः तपासा.