सीमेपलीकडे वाहणाऱ्या नदीचे नियोजन: काय करावे, काय टाळावे

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला मारलेले पाणी कीटकनाशके घेऊन ऱ्हाईन नदीत उतरले. शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले आणि थेट नेदरलँड्सपर्यंत पाण्याचा उपसा थांबवावा लागला. त्या धड्यानंतर काठच्या देशांना जे साधले आणि जे हुकले, त्यावरून ही यादी.

काय करावे

- पाणलोट हीच आराखड्याची हद्द धरावी. ऱ्हाईनचे खोरे नऊ देशांत पसरले आहे. उपनद्या, भूजल आणि पूरक्षेत्र यांचा विचार एकत्रच व्हावा.
- शेवटच्या घोटापासून हिशेब मांडावा. टोकाच्या शहरातील जलशुद्धीकरण केंद्राला जे गाळता येत नाही, ते वरच्या कारखान्याच्या परवान्यातच अडवावे.
- उद्दिष्ट शेंबड्या पोरालाही कळेल असे ठेवावे. काठच्या देशांच्या १९८७च्या कृती कार्यक्रमाने ठरवले: २०००पर्यंत सामन मासा नदीत परतला पाहिजे. त्यासाठी पाणी स्वच्छ हवे, बंधाऱ्यांना मत्स्यमार्ग हवेत, अंडी घालायला खडीचा तळ हवा. एका माशामागे सगळी खाती कामाला लागली.
- मोजणी मिळून करावी. बाझलच्या खालच्या अंगाला वाइल आम ऱ्हाईन येथे स्विस आणि जर्मन यंत्रणा एकत्र पाणी तपासतात. मग भांडण आकड्यांवर अडत नाही, उपायांकडे वळते.
- आधी निरोप धाडावा, दोषी नंतर शोधावा. विषारी लोंढा पोहोचण्यापूर्वी उपसा बंद झाला, तरच लोकांची तब्येत वाचते.

काय टाळावे

- 'आमच्या हद्दीत सगळे ठीक आहे' म्हणू नये. फ्रान्समधील अल्सासच्या पोटॅश खाणींनी ऱ्हाईनमध्ये सोडलेले मीठ डच बागायतींना भोवले. १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: जिथे नुकसान झाले, त्या देशातही दावा लावता येईल.
- रसायनांचे गोदाम साठवण-हौदाशिवाय उभारू देऊ नये. आगीइतकेच ती विझवणारे पाणीही घातक ठरते.
- बांध उंच करून पूर खालच्या गावावर ढकलू नये. १९९५ मध्ये नेदरलँड्सला दोन लाखांहून अधिक लोक हलवावे लागले. पुढे त्यांनी बांध मागे सरकवून नदीला जागा दिली.
- नितळ पाणी शुद्ध समजू नये. औषधांचे अंश नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेतून निसटतात. म्हणूनच २०४०पर्यंत अशा सूक्ष्म प्रदूषकांत किमान ३० टक्के घट करण्याचे काठच्या देशांनी ठरवले आहे.
- अर्ध्या यशाचे ढोल वाजवू नयेत. सामन परतले खरे. पण २०२०पर्यंत त्यांची बाझलपर्यंतची वाट मोकळी करण्याचे वचन वरच्या टप्प्यातील बंधाऱ्यांपाशी अडले. मुदत हुकली, तर नवी तारीख, खर्च आणि जबाबदार देश यांची नावानिशी नोंद व्हावी.