पुढे काय झाले? (रहस्यकथांच्या पुस्तकांची माहिती)



१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ सालापासून आपल्या महाराष्ट्रात हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्यासाठी गुरुजींनी भित्तिपत्रक काढायचे ठरवले आणि प्रत्येकाला एक विषय दिला. कुणाला पाणी, कुणाला झाडे, कुणाला किल्ले. मी रहस्यकथा हा विषय मागून घेतला. कारण आमच्या चौथीच्या वर्गात सध्या सगळ्यात जास्त भांडणं याच पुस्तकांवरून होतात. पुस्तक एक आणि वाचणारे सात.

१. प्रकरणांचे पुस्तक म्हणजे काय?

पहिली-दुसरीत आपण चित्रांची पुस्तके वाचतो. पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. जेवणाच्या सुट्टीत अशी चार पुस्तके वाचून होतात. प्रकरणांचे पुस्तक तसे नसते. ते जाड असते. चित्र कुठंतरी एखादं. ते एका बैठकीत संपत नाही, म्हणून त्याची प्रकरणे पाडलेली असतात. रानात जसे वाफे असतात तसेच हे. सगळं रान एकदम भिजत नाही. एक वाफा भरला की दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घ्यायचं. पुस्तकही असंच एकेक प्रकरण करत वाचायचं.

मालिका म्हणजे त्याच माणसांच्या गोष्टींची अनेक पुस्तके. पहिल्या पुस्तकात माणसांची ओळख व्हायला वेळ लागतो. दुसरे पुस्तक हातात घेतले की सगळी माणसं ओळखीची असतात. मग वाचायचा वेग आपोआप वाढतो.

रहस्यकथेत काहीतरी चोरीला जाते, कुणीतरी नाहीसे होते, किंवा एखादी गोष्ट अशी घडते की तिचे कारण कळत नाही. गोष्टीतला हुशार माणूस खुणा गोळा करतो आणि शेवटी छडा लावतो. प्रकरण नेमके अशा ठिकाणी थांबते की आपल्याला झोप येऊ नये. याचे एक कारण गुरुजींनी सांगितले. अशा पुष्कळ गोष्टी पूर्वी मासिकांत थोड्या थोड्या छापून येत. खाली ‘क्रमशः’ असे लिहिलेले असे. वाचकाने पुढच्या महिन्याचा अंक घ्यावा म्हणून लेखक गोष्ट ऐन वेळी थांबवत.

२. आपला फास्टर फेणे

मराठी मुलांच्या साहसकथांत सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे फास्टर फेणे. लेखक भा. रा. भागवत. त्यांचा जन्म १९१० साली इंदूरला झाला आणि २००१ साली ते वारले. त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ नावाचे मासिक चालवले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत गोष्टीही त्यांनी मराठीत आणल्या. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत यांनीही मुलांसाठी पुष्कळ लिहिले.

फास्टर फेणेचे खरे नाव बनेश फेणे. गाव पुण्याजवळचे फुरसुंगी. शिकायला तो पुण्याच्या विद्याभवन शाळेत असतो. अंगाने काटकुळा, पण सायकल अशी मारतो की बघत राहावं. काही सुचलं किंवा आश्चर्य वाटलं की तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. आमच्या वर्गात हा आवाज आता सगळ्यांना येतो. गणित सुटलं की मागच्या बाकावरून ‘ट्टॉक’ ऐकू येतं. गुरुजी आधी रागावायचे, आता हसतात.

या मालिकेची वीस पुस्तके आहेत. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचं गूढ’ अशी त्यांची नावे. नावावरूनच कळते की हा मुलगा कुठंकुठं जातो. त्याच्यावर दूरदर्शनची मालिका निघाली आणि २०१७ साली सिनेमा आला. सिनेमात तो मोठा झालेला दाखवला आहे, पुस्तकात तो शाळेतला मुलगाच आहे. मला पुस्तकातला जास्त आवडतो, कारण तो फुरसुंगीसारख्या गावाकडचा आहे. हुशार मुलगा शहरातलाच असावा लागतो असे नाही.

३. वेरूळला आलेला फेलूदा

दुसरी मालिका फेलूदाची. ती मूळ बंगाली भाषेत सत्यजित राय यांनी लिहिली. ते मोठे सिनेदिग्दर्शक होते. त्यांना १९९२ साली भारतरत्न मिळाले. त्यांच्या आजोबांनी १९१३ साली मुलांसाठी ‘संदेश’ नावाचे मासिक काढले होते. ते मधे बंद पडले. नातवाने १९६१ साली ते पुन्हा सुरू केले आणि १९६५ साली त्यात फेलूदाची पहिली गोष्ट आली. पुढे त्याच्या पस्तीस गोष्टी झाल्या. अशोक जैन यांनी या गोष्टी मराठीत आणल्या, म्हणून आपल्याला वाचता येतात.

फेलूदा कोलकात्याचा. ‘दा’ म्हणजे दादा. गोष्ट सांगतो त्याचा चुलतभाऊ तोपशे. यात एक गंमत आहे. जे तोपशेला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. फेलूदाच्या डोक्यात काय चाललंय ते तोपशेला माहीत नसतं, म्हणून आपल्यालाही कळत नाही. खुणा मात्र आपल्यासमोरच पडलेल्या असतात. इंग्लंडच्या शेरलॉक होम्सच्या गोष्टीही अशाच असतात. त्या त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन सांगतो. होम्सची पहिली गोष्ट १८८७ साली आली. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला.

फेलूदाची एक गोष्ट आपल्या मराठवाड्यात घडते. ओडिशातल्या भुवनेश्वरच्या देवळातून एका यक्षीचे दगडी डोके चोरीला जाते आणि फेलूदा चोरांच्या मागावर वेरूळच्या लेण्यांत येतो. कोलकात्याच्या लेखकाने छत्रपती संभाजीनगरजवळचे कैलास लेणे गोष्टीत घातले, हे वाचून मला फार आनंद झाला. शेवट मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला लाडू खाणे.

४. परदेशातली मुले

जर्मनीतल्या एरिक केस्टनर यांनी १९२९ साली एमिल नावाच्या मुलाची गोष्ट लिहिली. एमिलची आई लोकांचे केस धुऊन, विंचरून पैसे मिळवायची. तिने आजीला द्यायला पैसे दिले. एमिल एकटाच रेल्वेने बर्लिनला निघाला. पैसे हरवू नयेत म्हणून त्याने नोटा कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वर टाचणी टोचली. पण त्याला झोप लागली आणि उठून बघतो तर पैसे गेलेले. मग बर्लिनच्या मुलांनी टोळी केली आणि चोराचा पाठलाग केला. चोर सापडला, पण म्हणाला, “या नोटा माझ्याच आहेत.” आता एमिलने काय सांगितले असेल? विचार करा. उत्तर सगळ्यात खाली उलटे लिहून चिकटवले आहे. ही एकच गोष्ट फोडायची परवानगी मी गुरुजींकडून घेतली आहे.

अमेरिकेत १९३० सालापासून नॅन्सी ड्रू या मुलीच्या रहस्यकथा निघाल्या. पुस्तकावर लेखिकेचे नाव कॅरोलिन कीन असते. पण अशी बाई नव्हतीच! वेगवेगळे लेखक त्या एकाच नावाने लिहीत होते. म्हणजे तेही एक रहस्यच. नॅन्सी स्वतः गाडी चालवते आणि छडा लावते. आमच्या वर्गातली मुले म्हणायची की शोध लावायचं काम पोरांचं. त्यांना हे वाचून दाखवावे.

५. रहस्यकथा कशी वाचावी?

(अ) आधी अनुक्रमणिका वाचावी. प्रकरणांच्या नावांवरून अंदाज बांधावा.
(आ) रोज एकच प्रकरण वाचावे. अडलेला शब्द वहीत लिहावा, पण तिथे थांबू नये.
(इ) वहीच्या पानावर तीन रकाने करावेत : माणूस, खूण, शंका.
(ई) शेवटून दोन प्रकरणे राहिली की पुस्तक मिटावे आणि चोर कोण ते वहीत लिहावे. मग पुढे वाचावे.
(उ) अंदाज का बरोबर आला किंवा का चुकला ते मागे जाऊन बघावे.

असे केले की गोष्ट नुसती वाचली जात नाही, ती तपासली जाते. परीक्षेतल्या उताऱ्यावरचे प्रश्नही मला आता सोपे जातात, कारण उत्तराची खूण उताऱ्यातच असते.

६. आपल्या जिल्ह्यातले खरे रहस्य

आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेर हे गाव आहे. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या जुन्या वस्तूंचे संग्रहालय आहे. तेरला हस्तिदंताची एक छोटी, सुंदर बाई सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

आता खूण नंबर दोन. इटलीत पाँपेई नावाचे शहर होते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते गाडले गेले. तिथे १९३८ साली उकरताना हस्तिदंताची अशीच एक बाई मिळाली. कुठे तेर आणि कुठे इटली! मग ती तिकडे गेली कशी?

खूण नंबर तीन. त्याच काळातल्या एका ग्रीक पुस्तकात तगर नावाच्या बाजारपेठेचे नाव आहे. तिथला माल गाड्यांनी भडोच बंदरावर जायचा आणि पुढे जहाजांत चढायचा. तगर म्हणजेच आपले तेर. अभ्यासकांनी या खुणा अशा जोडल्या. पाँपेईची बाई नेमकी कुठे घडवली हे त्यातून ठरत नाही, पण रस्ता कळतो. इतिहासाचा अभ्यास म्हणजे एक प्रकारचा तपासच आहे. नळदुर्गच्या किल्ल्यावर किंवा परंड्याच्या तोफांजवळ घडणारी रहस्यकथा आपल्यातल्या कुणीतरी लिहावी.

७. पालकांना सांगायचे आहे

पुष्कळ घरी म्हणतात की गोष्टीचं पुस्तक म्हणजे वेळ घालवणं. आमचे आबाही म्हणाले, “सारखं काय वाचायलीस? त्यानं मार्क मिळत्यात का?” मी त्यांना रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवले आणि थांबले. आबा म्हणाले, “मग? पुढं वाच की!” आता ते रोज अंधार पडायच्या आत वैरणकाडी उरकून येऊन बसतात.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. आमच्या वर्गातली एक मैत्रीण दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाते. लहान भावाला सांभाळायला तिला न्यावं लागतं. गेल्या वर्षी ती फेलूदाचे पुस्तक वाचत होती. सात प्रकरणे झाली होती. टोळीची गाडी आली त्या दिवशी तिने पुस्तक परत दिले, कारण पुस्तक गावाबाहेर न्यायचे नाही. जाताना तिने राहिलेल्या प्रकरणांची नावे वहीत उतरवून नेली. त्या नावांवरून तिने कोपीत बसून गोष्टीचा शेवट स्वतःच जुळवला. पट्टा पडल्यावर ती परत आली आणि शाळेत आल्या आल्या विचारले, “चोर तो चष्मेवालाच निघाला का?” आम्ही कुणी सांगितले नाही. पुस्तक काढून तिच्या हातात दिले. पण तोवर पाच महिने गेले होते. बाकीची पुस्तके आम्ही वाचली आणि ती मागे राहिली.

ती या वर्षीही जाणार आहे. आमच्या वर्गातून असे तिघे जण जातील. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून गुरुजींना विनंती केली आहे. जाणाऱ्या प्रत्येकाला एका मालिकेची दोन पुस्तके द्यावीत. पुस्तकांना आम्ही कव्हर घालू, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देऊ आणि रजिस्टरमध्ये आमच्या सह्या करू. पुस्तक फाटले तर आम्ही चिकटवू. हरवले तर सगळे मिळून भरून देऊ. उसाच्या फडावर शाळा जवळ असेलच असे नाही, पण रोज एक प्रकरण तर होईल. रविवारी फोनवर ती आम्हाला गोष्ट सांगेल, म्हणजे आमचंही वाचन होईल.

पालकांनो, आज तुम्ही सगळे आला आहात. जाणाऱ्यांच्या आईवडिलांनी पिशवीत पुस्तकांना जागा करावी. राहणाऱ्यांच्या आईवडिलांनी, आपल्या पोरांनी रजिस्टरमध्ये सही केली तर रागावू नये. एवढेच आमचे मागणे आहे.

शब्दार्थ
छडा लावणे – शोधून काढणे. सुगावा – पत्ता, माग. संशयित – ज्याच्यावर शंका आहे तो. यक्षी – जुन्या देवळांतल्या शिल्पांत दिसणारी एक देवता. हस्तिदंत – हत्तीचा दात. क्रमशः – पुढे चालू.

स्वाध्याय
१) फास्टर फेणेचे खरे नाव काय?
२) तोपशेला माहीत नसते ते आपल्यालाही का कळत नाही?
३) पाँपेई आणि तेर यांना जोडणाऱ्या खुणा कोणत्या?
४) आपल्या गावात घडेल अशा रहस्यकथेतल्या पाच प्रकरणांची नावे लिहा. शेवट लिहू नका.

(एमिलच्या कोड्याचे उत्तर : एमिलने सांगितले, “माझ्या नोटांना टाचणीची भोकं आहेत, बघा.” नोटा उजेडाकडे धरल्या तर खरंच भोकं होती.)

– इयत्ता चौथी