दूरशिक्षणाची पदव्युत्तर पदवी : खर्च आणि उपयोग

पदवी घेऊन नोकरीस लागलेल्या आणि घरची जबाबदारी अंगावर असलेल्या व्यक्तीस एम. ए. करावयाचे झाल्यास दूरशिक्षण हाच बहुधा एक मार्ग उरतो. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मार्ग खुला झाला खरा. परंतु शुल्क भरण्यापूर्वी ही पदवी कोणत्या कामी येणार, हे ठरविणे अगत्याचे आहे.

बी. ए., बी. एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवावयाचे असेल, तर पदव्युत्तर पदवीवाचून गत्यंतर नाही. त्याचा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता मोठी. वरिष्ठ महाविद्यालयाकडे डोळा असेल, तर मात्र नुसते उत्तीर्ण होणे पुरत नाही. ‘नेट’ परीक्षेस बसण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गास ५५ टक्के, राखीव प्रवर्गांस ५० टक्के गुण लागतात. याउलट, राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या लिपिकास साधी पदवी पुरेशी असते. त्याने केवळ पात्रतेसाठी एम. ए.ला पैसे घालणे व्यर्थ होय. विषयाच्या गोडीने शिकणाऱ्यांची गोष्ट वेगळी; त्यांना हा हिशेब लावू नये.

दुसरा प्रश्न मान्यतेचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष ठरते. तथापि विद्यापीठ नामांकित असणे म्हणजे त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम मान्य असणे नव्हे. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी अशा शाखांच्या पदव्या या मार्गाने देता येत नाहीत. अभियांत्रिकीच्या अशा पदव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेल्या निर्णयाने अनेकांची वर्षे आणि पैसा पणास लागला. म्हणून आपला अभ्यासक्रम त्या सत्रासाठी आयोगाच्या यादीत आहे काय, हे स्वतः पाहावे. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबू नये.

खर्चाचे म्हणाल, तर माहितीपत्रकातील शुल्क हा त्याचा एक भाग. परीक्षाशुल्क, केंद्रापर्यंतचा प्रवास, बिनपगारी रजा हे सारे त्यात धरावे लागते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या एम. ए.स कमाल मुदत चार वर्षांची असते. स्वाध्याय रेंगाळले की मुदत सरते आणि खर्च वाढतो. मराठी माध्यमातून शिकलेल्याने पाठ्यपुस्तके कोणत्या भाषेत मिळतात, हेही विचारून घ्यावे. त्यासाठी प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी एखाद्या सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्र उघडे असेल तेव्हा तेथे जावे, पुस्तके चाळून पाहावीत आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे.