अलैंगिकता : मानवी आकर्षणाचा एक प्रकार

शालेय जीवशास्त्रात ‘अलैंगिक’ हा शब्द विद्यार्थ्यास प्रथम भेटतो तो अमीबाच्या प्रकरणात. अमीबाचे एकाचे दोन होतात. त्यास नर-मादीची आवश्यकता नसते, म्हणून त्याचे प्रजनन अलैंगिक. मनुष्याच्या संदर्भात या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे व दोहोंची गल्लत होता कामा नये. ज्या व्यक्तीस स्त्री वा पुरुष कोणाहीविषयी लैंगिक आकर्षण वाटत नाही, किंवा क्वचितच वाटते, ती व्यक्ती अलैंगिक होय. तिच्या शरीरात काही उणे असते असे नव्हे. तिने एखादे व्रत घेतलेले असते असेही नव्हे. ब्रह्मचारी आकर्षणाचा निग्रह करतो. येथे ज्याचा निग्रह करावयाचा ते आकर्षणच नसते.

अशी माणसे शास्त्रज्ञांच्या दृष्टीस फार पूर्वीच पडली होती, परंतु त्यांना कोठे बसवावे हे कळले नव्हते. आल्फ्रेड किन्सी या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९४८ साली पुरुषांच्या व १९५३ साली स्त्रियांच्या लैंगिक वर्तनावर ग्रंथ प्रसिद्ध केले. त्याने ० ते ६ अशी एक मोजपट्टी आखली. केवळ भिन्नलिंगी व्यक्तीकडे ओढ असणारा मनुष्य शून्यावर, केवळ समलिंगी व्यक्तीकडे ओढ असणारा सहावर आणि उरलेले मध्ये कोठेतरी. ज्यांना कोणतीच ओढ नव्हती, त्यांच्यासाठी पट्टीवर जागा नव्हती. त्यांच्यापुढे किन्सीने ‘एक्स’ हे अक्षर लिहिले आणि त्यांना बाजूस ठेवले.

अडचण पट्टीच्या रचनेतच होती. एका रेषेवर मोजायचे म्हटले, की एक ओढ कमी होताच दुसरी वाढलीच पाहिजे. १९८० साली मायकेल स्टॉर्म्स या मानसशास्त्रज्ञाने एका रेषेऐवजी दोन अक्ष घेतले : भिन्नलिंगी आकर्षणाचा एक, समलिंगी आकर्षणाचा दुसरा. आलेख काढू जाणणाऱ्या विद्यार्थ्यास यातील खुबी तत्काळ ध्यानात येईल. दोन्ही मापे अल्प असणाऱ्यांना आलेखाच्या एका कोपऱ्यात आपसूकच स्थान मिळाले. ‘एक्स’ची गरज उरली नाही.

पुढे कॅनडातील अँथनी बोगार्ट यांनी ब्रिटनमधील एका राष्ट्रीय पाहणीची उत्तरे तपासून २००४ साली निबंध लिहिला. अठरा हजारांहून अधिक लोकांपैकी सुमारे एक टक्का लोकांनी आपणास कोणाविषयीही लैंगिक आकर्षण कधीच वाटले नाही, असे नोंदविले होते. असल्या विषयावरील प्रश्नांना उत्तरे देण्याचेच पुष्कळजण नाकारतात, म्हणून हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. तरीही शंभरांत एक ही संख्या लहान नव्हे.

मग हा आजार आहे काय? लोरी ब्रोटो व मोरॅग यूल यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अलैंगिक स्त्रियांचा शारीरिक प्रतिसाद इतर स्त्रियांहून वेगळा आढळला नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालच्या आपल्या निदान-ग्रंथात स्पष्ट केले, की जी व्यक्ती स्वतःस अलैंगिक म्हणून ओळखते, तिच्या इच्छेच्या अभावाला विकार ठरवू नये.

अलैंगिक व्यक्ती प्रेम करीत नाही, हाही गैरसमजच. अनेकांना सहवासाची, जिव्हाळ्याची, संसाराचीसुद्धा ओढ असते; काहींना तीही नसते. आपल्याकडे मात्र ‘लग्न झाले की सारे ठीक होईल’ हा सल्ला घरोघर तयार असतो. तो ऐकून विवाह करणाऱ्यास आपल्यातच काही दोष आहे असे वाटत राहते, आणि जोडीदारास आपण नकोसे झालो आहोत असे वाटते. दोघांपैकी कोणाचाच अपराध नसतो. विवाहापूर्वी ही गोष्ट बोलता आली असती, तर ज्याने त्याने आपला निर्णय जाणतेपणी घेतला असता.

एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. पूर्वी असलेली इच्छा अकस्मात मावळली, तर तिचे कारण थायरॉइडचा बिघाड, खिन्नतेचा विकार किंवा एखादे औषध हे असू शकते, आणि त्यावर उपचार होतात. म्हणून जाणता डॉक्टर प्रथम विचारतो, ‘हे पहिल्यापासूनच असे आहे, की अलीकडे झाले?’