मेसेज आत्ता कोणाच्या हातात आहे?

नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या सेवेची देखभाल माझ्याकडे आहे. रचना साधी. पैसे भरले गेले की पेमेंट गेटवे आमच्या वेब सेवेला कळवतो. ती सेवा तसा मेसेज रॅबिटएमक्यूच्या रांगेत टाकते. रांगेवर बसलेला वर्कर तो उचलतो, खुर्ची पक्की करतो आणि प्रेक्षकाला एसएमएस पाठवतो. वेब, वर्कर, रांग आणि पोस्टग्रेस असे चार डॉकर कंटेनर, एक कंपोज फाइल, एक सर्व्हर. या चारांपैकी एकाच्याही पोटात कधी मोठा बग निघाला नाही. जे घोळ झाले ते सगळे हातबदलीच्या वेळी झाले. म्हणून अशी सेवा बांधणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: मेसेज आत्ता कोणाच्या हातात आहे, आणि तो हात या क्षणी गळून पडला तर काय होईल?

पहिला दणका शनिवारी संध्याकाळी बसला. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाचं बुकिंग जोरात असताना वर्करची नवी आवृत्ती चढवली गेली, आणि थोड्याच वेळात फोन सुरू झाले: ‘पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही.’ लॉगमध्ये एरर नव्हती. जुन्या वर्करचा एक्झिट कोड मात्र १३७ होता. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सिगकिलचा नंबर. म्हणजे प्रोसेस स्वतःहून थांबली नव्हती, तिचा गळा दाबला गेला होता.

डॉकर कंटेनर थांबवताना आधी सिगटर्म पाठवतो, १० सेकंद वाट पाहतो आणि मग सिगकिल देतो. आमचा वर्कर एका शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असे. त्यामुळे कंटेनरमधली पहिली प्रोसेस शेल होती. सिगटर्म शेलला मिळाला, त्याने तो पुढे दिलाच नाही, आणि आवराआवर करायची आहे हे वर्करला कळलंच नाही. त्यात रांगेची पोच ऑटोवर होती. अशा वेळी रॅबिटएमक्यू मेसेज पाठवला की तो पोचला असं समजून रांगेतून काढून टाकतो, आणि वर्करला झेपतंय की नाही हे न बघता सगळी रांग त्याच्या अंगावर ओततो. ते सगळे मेसेज वर्करच्या मेमरीत होते आणि त्याच्याबरोबरच गेले.

उपाय तीन. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या आधी ‘एक्झेक’ लिहा, म्हणजे शेलची जागा प्रोग्रॅम घेतो. सिगटर्म आला की नवे मेसेज घेणं थांबवून हातातलं काम संपवा, आणि त्याला १० सेकंद पुरत नसतील तर कंपोजमध्ये मुदत वाढवा. पोच नेहमी स्वतः द्या, तीही काम डेटाबेसमध्ये नोंदल्यावरच. शिवाय प्रीफेचला मर्यादा घाला.

हे केलं की मेसेज हरवत नाहीत, पण दोनदा येऊ लागतात. वर्करने खुर्ची पक्की केली आणि पोच देण्याआधी तो मेला, तर रांग तोच मेसेज पुन्हा देणार. गेटवेलाही वेळेत उत्तर मिळालं नाही की तो पुन्हा कळवतो. हे टाळता येत नाही, तेव्हा दोनदा येणार हे धरूनच चाला. पेमेंटच्या आयडीवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन ठेवा, म्हणजे दुसरी नोंद आपोआप नाकारली जाते. एसएमएस मात्र डेटाबेसच्या व्यवहारात बसत नाही. एकदा गेला की गेला. तिथे ठरवावं लागतं: दोनदा गेलेला बरा की न गेलेला? आम्ही दोनदा पत्करला. एकच खुर्ची दोघांना मिळाली तर थिएटरच्या दारात भांडण होतं, एसएमएस दोनदा आला तर कोणी भांडत नाही. गेटवेला ‘ओके’ म्हणण्याचाही मुहूर्त ठरलेला हवा. मेसेज डिस्कवर लिहिल्याची खात्री रॅबिटएमक्यूने दिली की मगच म्हणा.

तिसरा घोळ सगळ्यात फसवा. रांग ड्युरेबल, मेसेज परसिस्टंट, व्हॉल्यूम जोडलेला, तरी रांगेचा कंटेनर नव्याने उभा केल्यावर रांग रिकामी दिसली. व्हॉल्यूममध्ये डोकावलो तर दोन फोल्डर शेजारी शेजारी. दोघांचीही सुरुवात ‘रॅबिट’ने, पुढे ॲटचं चिन्ह आणि त्यानंतर बारा अक्षरांचा वेगवेगळा कंटेनर आयडी. रॅबिटएमक्यू आपला डेटा नोडच्या नावाने ठेवतो आणि ते नाव होस्टनेमवरून घेतो. होस्टनेम दिलं नसेल तर डॉकर कंटेनरचा आयडीच होस्टनेम म्हणून देतो. नवा कंटेनर, नवं नाव, नवं कोरं फोल्डर. मेसेज तिथेच होते, पण जुन्या नावाखाली. कंपोज फाइलमध्ये होस्टनेमची एक ओळ घातली की हा प्रश्न मिटतो. इमेजच्या माहितीपत्रात हे लिहिलेलं आहे. ते आधी वाचा.

बाकीचं थोडक्यात. ‘डिपेंड्स ऑन’ नुसतं लिहिलं तर कंपोज दुसरा कंटेनर सुरू होईपर्यंतच थांबतो, तो तयार होईपर्यंत नाही; त्यासाठी हेल्थचेकची अट घाला. रांगेचा किंवा डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडू नका. डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यूने बंद केलेला वाटणारा पोर्ट जगाला उघडा असू शकतो. लॉगला आकाराची मर्यादा द्या, नाहीतर ते डिस्क गिळतात. आणि ज्या मेसेजवर वर्कर दर वेळी आपटतो, तो परत रांगेत ढकलत बसू नका. त्याला वेगळ्या डेड लेटर रांगेत टाका आणि ती रांग रोज कोणीतरी बघेल अशी सोय करा.

आता आमच्याकडे नियम आहे: नवी आवृत्ती चढवण्याआधी टेस्ट सर्व्हरवर रांगेत मेसेज भरायचे, काम चालू असताना वर्करला ‘डॉकर किल’ करायचं, मग रांगेचा कंटेनर काढून पुन्हा उभा करायचा. शेवटी भरलेली पेमेंट आणि पक्क्या झालेल्या खुर्च्या मोजायच्या. आकडे जुळले नाहीत तर डिप्लॉय नाही, मग शनिवार असो की सोमवार.