चेहरा का उतरलाय?

प्रश्न : मी घाटकोपरला राहते, नोकरी चकाल्याला. सकाळी मेट्रोत बसायला जागा मिळाली तर काजळ आणि लिपस्टिक तिथेच लावते. एखाद्या दिवशी जागा नाही मिळाली, की ऑफिसात तीन-चार जणी तरी विचारतात, ‘बरं नाही का गं? चेहरा का उतरलाय?’ मी ठणठणीत असते, झोपही झालेली असते. काजळाच्या एका रेघेने एवढा फरक कसा पडतो?
— एक वाचक, घाटकोपर (पूर्व)

उत्तर : तुमच्या मैत्रिणींना दिसतं ते खरंच दिसतं. त्या लावतात तो अर्थ तेवढा चुकतो.

चेहरा पाहताना आपली नजर भुवया, डोळे आणि ओठ यांचा गडदपणा भोवतालच्या त्वचेशी ताडून पाहते. हा फरक ठळक असला की चेहरा तरतरीत वाटतो. वय वाढतं तसा तो कमी होत जातो. ओठांचा रंग फिका होतो, भुवया विरळ आणि करड्या होतात. आजारपणातही ओठ पांढुरके पडलेले आपण पाहतोच. अमेरिकेतल्या गेटिसबर्ग कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या फोटोंमध्ये फक्त हा फरक कमी-जास्त करून पाहिला. फरक वाढवला की तीच बाई लोकांना तरुण वाटली, घटवला की वयस्कर. हे संशोधन 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. 2016 मध्ये त्यांनी तब्येतीबद्दलही हेच दाखवलं : ठळक फरकाचा चेहरा निरोगी वाटतो, फिका चेहरा आजारी. तुमची काजळाची रेघ आणि ओठांवरचा रंग नेमका हाच फरक वाढवतात. काजळाचं आणखी एक काम असतं. डोळ्याच्या कडेची काळी रेघ पाहणाऱ्याला डोळ्याचाच भाग वाटते, म्हणून डोळा आहे त्याहून किंचित मोठा दिसतो.

पण ऑफिसातल्या प्रश्नाला आणखी एक कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमच्या शेजारच्या टेबलावरची जी बाई कधीच काजळ लावत नाही, तिला ‘बरं नाही का?’ असं कुणी विचारतं का? विचारत नसणार. तिचा तोच चेहरा सगळ्यांच्या सवयीचा आहे. तुमचा मात्र काजळ लावलेला चेहरा सगळ्यांच्या मनात बसलाय. त्यामुळे तुमची तुलना होते ती तुमच्याच कालच्या चेहऱ्याशी.

डोळे-ओठ गडद केले की चेहरा उठून दिसतो, ही गोष्ट आपल्या रंगभूषाकारांना प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात प्रयोगानंतर कधी रंगपटात डोकावलात, तर नटांच्या भुवया आणि डोळ्यांच्या कडा जवळून भडक दिसतील. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्या भडकपणामुळेच चेहरा वाचता येतो. प्रखर दिव्यांत साधा चेहरा सपाट होऊन जातो.

याच्याही पुढची गंमत म्हणजे बालगंधर्व. 2009 मध्ये रसेल यांनी एक दृष्टिभ्रम मांडला होता. स्त्रीचा की पुरुषाचा ते सांगता येऊ नये असा एकच चेहरा घेतला आणि त्याच्या दोन प्रती केल्या. डोळे-ओठ आणि त्वचा यांतला फरक एकीत वाढवला, दुसरीत कमी केला. पहिली प्रत स्त्री वाटते, दुसरी पुरुष. कारण पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या चेहऱ्यावर हा फरक मुळातच थोडा जास्त असतो. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांनी 1911 मध्ये ‘मानापमान’मधली भामिनी आणि 1919 मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू उभी केली, तेव्हा आवाज, चाल, शालू-पैठणी हे सगळं होतंच. तरी चेहऱ्यापुरतं बोलायचं तर रंगपटात तेव्हा हेच गणित सुटत होतं, असं मला वाटतं.

मेकअप ओळख पुसूही शकतो. आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’ 1962 मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात प्रभाकर पणशीकर एका प्रयोगात पाच वेश घ्यायचे, फिरत्या रंगमंचावर, भराभर. नट एकच आहे हे प्रेक्षकांना माहीत असे, आणि तरी प्रत्येक वेळी समोर नवा माणूस उभा राही.

आता ‘मग रोज लावूनच जावं का?’ असं तुम्ही विचाराल. हार्वर्डच्या नॅन्सी एटकॉफ यांनी 2011 मध्ये 25 स्त्रियांचे बिनमेकअपचे आणि तीन वेगवेगळ्या प्रमाणांत मेकअप केलेले फोटो लोकांना दाखवले. पाव सेकंदच पाहायला मिळालं तेव्हा मेकअप केलेला चेहरा सुंदर, कामात हुशार, आवडण्याजोगा, विश्वासू असा सगळ्याच बाबतींत वरचढ ठरला. निवांत पाहू दिल्यावर सौंदर्य आणि हुशारी टिकली, पण झगमगीत मेकअपवरचा विश्वास घसरला. या संशोधनाला प्रसाधनं विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबल कंपनीचा पैसा होता, हेही लक्षात ठेवा. आणि पाव सेकंदाचा निकाल मेट्रोच्या डब्यातल्या अनोळखी माणसासाठी ठीक आहे. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या मैत्रिणी तुमचं काम रोज बघतात.

वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातला 2014 मधला एक अभ्यास मला फार आवडतो. इतरांना किती मेकअप आवडत असेल याचा अंदाज लोकांना करायला सांगितला, तर तो खुद्द लोकांच्या आवडीपेक्षा बराच जास्त निघाला.

तेव्हा काजळ आवडतं म्हणून लावत असाल तर खुशाल लावा. ‘आजारी दिसेन’ या धास्तीने लावत असाल, तर एक करून पाहा. सलग दोन आठवडे काजळाशिवाय ऑफिसात जा. पहिल्या दिवशी किती जणींनी विचारलं आणि शेवटच्या दिवशी किती जणींनी, ते डायरीत टिपून ठेवा आणि मला नक्की कळवा.