शाळा निवडताना तासांचाही हिशेब मांडा

मैत्रिणींनो, कामासाठी पुण्यात बिऱ्हाड केलं की पहिला प्रश्न मुलांच्या शाळेचा. जवळची मराठी शाळा घ्यायची, की लांबची सेमी-इंग्रजी?

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. पुढे कॉलेजात याचा उपयोग होतो, म्हणून ओढ वाटते. ती चुकीची नाही. पण हिशेब पुरा मांडू.

समजा, घर हडपसरला आणि शाळा शिवाजीनगरला. थांब्यावरची वाट धरून एका बाजूला एक तास. मुलाचे रोज दोन तास गेले. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं असतं. म्हणजे ४०० तास, शिकण्याच्या निम्मे, नुसते बसमध्ये! सोडायला-आणायला आईच जात असेल, तर तिच्या रोज चार फेऱ्या, वर्षाचे ८०० तास. तेवढी मजुरी बुडते, गटाची बैठकही चुकते.

म्हणून एवढं करा:

१. जवळच्या महापालिका शाळेत सेमीचा वर्ग आहे का, ते आधी विचारा.

२. लांबच्या शाळेत शाळेच्याच वेळेला एकदा बसने जाऊन या.

३. ने-आण कोण करणार, हे नवरा-बायकोने बसून ठरवा.

४. काही शाळांत सेमी पाचवी किंवा आठवीपासून मिळते. मूल लहान असेल तर तोवर जवळची शाळा चालेल.

नुसती फी बघू नका. मुलाची झोप आणि तुमचा दिवस हाही खर्चच आहे. पुढच्या बैठकीत आपापला हिशेब मांडा.